मास्तर इलारिओंचा खुबा

हारो गावच्या चर्चमधला आमचा गायकवृंद इलारिओ सुमागायसाय यांनी घडवला. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. सुरात केसभर फरक पडला तरी ते हात थांबवून नुसते बघायचे. चुकणाऱ्याला आपोआप कळायचं. खुबा झिजला तेव्हा त्यांनी तो बदलून घेतला. धातूवर धातू फिरणारा तो नवा सांधा जन्मभर पुरेल असं सर्जन म्हणाले होते. मास्तर पुन्हा जिना चढून वरच्या सज्जात उभे राहू लागले.

काही वर्षांनी ते आम्हाला विनाकारण थांबवू लागले. बायकांचा सूर उतरतोय म्हणायचे. तो उतरत नव्हता. हातही थरथरायचे. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. शेवटी मास्तर कानाच्या डॉक्टरकडे निघाले, तेव्हा त्यांची बायको कोन्सिंग म्हणाली, "माझं जन्मभर ऐकू आलं नाही, तेव्हा नाही गेलात डॉक्टरकडे. आता त्या गाणाऱ्या बायकांचं ऐकू येईना, तर निघालात."

कानाच्या डॉक्टरला कारण सापडलं नाही. मनिलात परिचारिका असलेल्या भाचीला मात्र कळलं होतं की त्या बनावटीचे सांधे कंपनीने परत बोलावलेत. तिने मास्तरांचं रक्त तपासून घेतलं. त्यात सांध्यातला कोबाल्ट धातू भलताच वाढलेला निघाला. सांध्याची झीज रक्तात उतरत होती, आणि कान नि हात त्यानेच बिघडवले होते.

कंपनीचा माणूस घरी आला. सभ्य होता. नवा सांधा फुकट बसवून देऊ, जुना आम्ही तपासायला नेऊ, फक्त पुढे दावा करणार नाही एवढं लिहून द्या, म्हणाला. मास्तर तयार होते. भांडण त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोन्सिंगने त्यांना आधी वकीलबाई सालुद यांच्याकडे नेलं.

"ऑपरेशन लांबवू नका," बाई म्हणाल्या. "पण सही करू नका. आणि काढलेला सांधा कंपनीच्या हाती जाऊ देऊ नका, मास्तर. तोच आपला पुरावा आहे." दावा लावायला मुदत असते, ती टळली तर कोणी ऐकून घेत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

"कोर्ट मला कान परत देणार आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही सही केलीत, तर पुढच्या पेशंटला तुमचंच नाव सांगतील. हारोचे मास्तरसुद्धा गप्प बसले म्हणतील."

मास्तरांनी सही केली नाही. ऑपरेशनचा खर्च भाचीने आणि आम्ही सगळ्यांनी मिळून उचलला. सांध्याभोवतालचं मांस काळं पडलं होतं. काढलेला सांधा मोहोरबंद होऊन बाईंच्या कपाटात गेला. बाईंनी मुदतीत दावा लावला, इतर पेशंटही त्यात आले. बरंच लांबल्यावर कंपनीने भरपाई देऊन तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही.

रक्त हळूहळू निवळलं, हात स्थिरावले. वरचे सूर मात्र त्यांना पुन्हा ऐकू आले नाहीत. आता मास्तर फक्त पुरुषांची तालीम घेतात. बायकांची तालीम आमच्यातलीच एल्मा घेते. तेव्हा ते बाकावर बसतात आणि मधूनच तिला विचारतात, "जमतंय का?" ती जे असेल ते सांगते.