धाकट्या जाऊबाईचं इसबगोल

लग्न होऊन अनसिंगला आले त्या वर्षापासून माझं पोट बिघडलेलं. जेवण झालं की मुरडा. तीन दिवस काहीच नाही, चौथ्या दिवशी तांब्या घेऊन तीनतीनदा पळायचं. सासू म्हणायची, नाटकं हायेत. मी आपली बारीक चाळलेल्या कणकेची पोळी आणि वरणाचं पाणी, एवढ्यावर दिवस काढत होते.

अशात मेडशीची मुलगी माझी धाकटी जाऊ होऊन आली. उभ्याउभ्या ठेच्याशी दोन भाकरी खायची आणि कापूस वेचायला निघायची. सासरे कौतुकानं बघत. माझा जळफळाट व्हायचा. एकदा मुद्दाम तिच्या भाजीत मूठभर तिखट घातलं. तिनं बोटं चाटली आणि आणखी मागितली.

मग गावातल्या वैद्यांनी मला गव्हाचा कोंडा खायला सांगितला. लवकर गुण यावा म्हणून मी ओंजळ भरभरून खाल्ला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. माजघरात कण्हत पडले होते, तेव्हा जाऊ जवळ येऊन बसली.

"कोंडा नोका खाऊ, जाऊबाई. माह्या बापालेबी असंच होये. हकिमानं त्याले इसबगोल देल्लं. मी आनलं हाये माहेरून."

"मले नाही पाहिजे तुझं काही," मी म्हणाले.

पुडी तिनं फडताळात ठेवली. ती शेतात गेल्यावर मी वाटीत चमचाभर भिजवलं आणि तो बुळबुळीत घोट डोळे मिटून गिळला. रोज चोरून घेऊ लागले. पंधरा-वीस दिवसांत मुरडा कमी झाला. पोळी सोडून भाकरी पचायला लागली. एका दुपारी ती लवकर परतली आणि वाटी माझ्या हातातच सापडली.

"पानी बक्कळ प्या त्याच्यावर," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात सासू शेजारणीला सांगत होती, "वैद्याच्या हाताले गुण हाये. कोंड्यानं बरी झाली थोरली."

मी मान डोलावली. जाऊ चुलीपाशीच होती. तिनं सगळं ऐकलं, तव्यावरची भाकरी उलटली, आणि जेवताना तीच माझ्या ताटात वाढली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. दुखणं ओसरलं, पण तिचा हेवा काही गेला नाही. उलट आता तिच्या भुकेपेक्षा तिच्या गप्प राहण्याचाच जास्त वाटू लागला.