साहेब घरात, हे रस्त्यावर

संस्थान विलीन झालं तेव्हा माझी मुलगी अगदी तान्ही होती आणि मला सगळ्याचीच भीती वाटायची. आमचे हे दरबारच्या फौज खात्यात वरच्या जागेवर. म्हणजे बंदूक नाही चालवायचे, फौज किती ठेवायची, कुठं ठेवायची, ते ठरवून वर लिहून पाठवायचे. आता फौजच दिल्लीची झाली, मग असल्या लोकांतले दोघं-चौघं दिल्लीला घेणार, बाकीच्यांना घरी बसवणार, असं जो तो बोलायचा. यांना घरी बसवलं तर आम्ही खायचं काय? माझं तर दूधच आटायला लागलं.

निवडायला दिल्लीहून साहेब आले. पण ऑफिसातल्या खुर्च्या तोवर काही नव्या राज्याच्या कचेरीत इंदूरला गेल्या, काही दिल्लीला, म्हणून साहेब जयेंद्रगंज पेठेतल्या आमच्या घरीच येऊन बसले. मी पडद्यामागे, पोर खांद्यावर.

साहेबांनी पुष्कळ विचारलं, यांनी पण धडाधड सांगितलं, उभ्याउभ्याच. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक है, अब आप जा सकते हैं."

झालं! दरबारात निघताना पाठ दाखवायची नाही, मुजरे करत उलटं चालत बाहेर पडायचं, ती यांची हाडात मुरलेली सवय. हे निघाले. उलटे. बैठकीत एक मुजरा, उंबऱ्यावर एक, आणि तिसरा थेट रस्त्यावर. घर आपलंच आहे हे विसरलेच की हो!

आता बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, म्हणून हे येईनात. घरधन्याला न सांगता जायचं कसं, म्हणून साहेब उठेनात. समोरच्या गच्चीवरून शेजारच्या काकू ओरडल्या, "काय हो, बायकोनं बाहेर काढलं का?"

हे पगडी सावरत म्हणाले, "काकू, हळू! आत साहेब आहेत."

"मग तुम्ही बाहेर कशाला?"



मला वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, "बहनजी, वो लौटेंगे ना?"

मी चौथीपर्यंत शिकलेली, परक्या पुरुषाशी कधी बोलले नव्हते. पण तोंडातून निघूनच गेलं, "आप बुलाएंगे तो आएंगे, नहीं तो शाम तक वहीं खड़े रहेंगे. बहुत अच्छे आदमी हैं, साहब, रख लीजिए!"

साहेब इतके हसले की पोर दचकून रडायला लागली. मग स्वतः दारात जाऊन त्यांनी यांना आत बोलावलं आणि म्हणाले, "चलिए दिल्ली. पर वहाँ बरामदे बहुत लंबे हैं, उल्टे चलेंगे तो छुट्टी का समय हो जाएगा."

आता सामान बांधून झालंय. रोज सकाळी मी पोरीला मांडीवर घेऊन साहेबांच्या जागी बसते आणि हे पाठ फिरवून दाराकडे जायची प्रॅक्टिस करतात. चांगले जातात. पण पोरगी जराशी ऊं करते, की हे गर्रकन वळून मुजरा करतात.

"अहो, भूक लागलीय तिला, हुकूम नाही दिला!"

"असू दे गं," म्हणतात, आणि तसेच उलटे उलटे निघतात.