समोर ठेवलेल्या हाका

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षे टाळली. कुणी विचारलं असतं तर सांगितलीही असती, असं स्वतःला समजावत राहिलो. पण कुणी विचारलं नाही, आणि तेवढा आडोसा मला पुरत गेला. आता वय असं झालंय की आडोशाला बसण्याचाही कंटाळा येतो.

सांडोर गावातल्या आमच्या वाडीत हिवाळ्याची दुपार केळीच्या पानांतून गाळून, हिरवट होऊन खाली उतरते. वाडीतल्या तळ्याच्या, म्हणजे आमच्या बावखलाच्या, साचल्या पाण्याचा शेवाळी वास, पाटातल्या ओल्या मातीचा वास आणि ओटीवर बसलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या गळ्याला लावलेल्या मलमाचा वास, हे तिन्ही माझ्या मनात केव्हाच एक होऊन गेले आहेत. दादाच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याची सून सुनीता गरोदर होती आणि मुलगा बोटीवर, कुठल्यातरी दूरच्या समुद्रात. त्यानंच घरी ठेवलेला लॅपटॉप सुनीतानं ओटीवर स्टुलावर मांडला आणि येणाऱ्या बाळासाठी आजोबांचा आवाज साठवून ठेवायचं ठरवलं.

"बाबा, त्या लाल ठिपक्याकडे बघून बोला. माझ्याकडे नको."

"हे ऐकतंय का खरंच, की मी आपला वेड्यासारखा बरळतोय?"

दादाला बोलणं सुचेना. मग तो नुसत्या हाका मारू लागला. त्याचा जन्मच हाकांचा. वाडीच्या टोकाला उभा राहून त्यानं साद घातली की रस्त्यावरचा पाववालाही थांबायचा. बाळाचं नाव मुलगा झाला तर सोहम आणि मुलगी झाली तर जुई असं ठरत होतं, म्हणून त्यानं दोन्ही नावांनी हाका मारल्या. जेवायला बोलावलं, 'पाण्याजवळ नको' म्हणत बावखलाच्या काठावरून मागे फिरवलं, उगाच दटावलं, मग मऊ आवाजात जवळ घेतलं.

"आणि जुळी झाली तर?" सुनीता हसत म्हणाली.

"मग बाळूला बोलव. त्याला वाटण्या छान जमतात."

बाळू म्हणजे मी. वाडीची वाटणी मीच मागितली होती आणि माझा तुकडा विकून गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. दादाच्या बोलण्यात राग नव्हता. मी हसलो. सुनीतानं त्या सगळ्या हाका एका फोल्डरमध्ये घालून पडद्यावर मधोमध ठेवल्या. "समोरच असू देत, बाबांना शोधायला नकोत," ती म्हणाली.

दादा इस्पितळात गेला, सुनीता त्याच्यासोबत, आणि घर राखायला मी. निवृत्तीनंतर स्टेशनजवळच्या क्लासात मी संगणक शिकलो होतो. नीटनेटकेपणाची हौस जन्माची. लॅपटॉप रेंगाळत चालायचा, उघडायलाच युग जायचं. दादा परतेपर्यंत सगळं लावून ठेवू असं मनानं घेतलं. एकाच डिस्कचे दोन भाग करायचे, सी-मध्ये फक्त विंडोज, डी-मध्ये घरच्या वस्तू, आणि पुतण्यानं आणलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्यांची दुसरी प्रत. हीही वाटणीच. लग्नाचे फोटो, पुतण्याच्या मेल, माय डॉक्युमेंट्समधलं सारं मी बाहेरच्या डिस्कवर हलवलं आणि जुनं पुसून विंडोज नव्यानं बसवलं. पडद्यावर समोरच दिसणाऱ्या डेस्कटॉपचा विचार मनात आला नाही, कारण तो मला ओटीसारखा वाटायचा. ओटीवरची वस्तू डोळ्यांसमोरच असते, ती जाणार कुठे. ही ओटी सबंधच्या सबंध सी-च्या जमिनीवर उभी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

पडदा पुन्हा उजळला तेव्हा त्यावर एक हिरवी टेकडी होती, वर निळं आकाश, आणि कोपऱ्यात एक रिकामी कचरापेटी. मधोमधचं हाकांचं फोल्डर नव्हतं. मी बराच वेळ त्या टेकडीकडे पाहत बसलो. मला काही वाटलं नाही. उठून चहा केला, प्यायलो, कप विसळून पालथा घातला.

दादा घरी आला तो गळ्यात नळी घेऊन. त्यानं बोटानं लॅपटॉपकडे खूण केली. सुनीतानं तो उघडला. "काका, इथे समोरच होतं ना?"

"व्हायरस आला होता," मी म्हणालो. "इस्पितळात जायच्या आधी तू डोहाळजेवणाच्या गाण्यांची कुणाचीतरी सीडी घातलीस ना, त्यातूनच आला असणार."

माझा आवाज अगदी सहज निघाला. सुनीता पडद्याकडे पाहतच म्हणाली, "असेल." दादानं तिच्याकडे पाहिलं आणि मान वाडीकडे वळवली. त्याच्या खुर्चीच्या हाताला आम्ही सायकलची घंटी बसवली होती, सुनीताला बोलवायला. त्या दिवसापासून त्यानं ती वाजवली नाही. पाणी हवं असलं तरी भिंत धरत स्वतः उठायचा. जुई झाली, दादाच्या टाळीच्या आवाजाला रांगत येऊ लागली, आणि पुढे एका उन्हाळ्यात, जांभळं पिकायच्या आधी, दादा गेला. घंटीवर गंज चढला होता.

गेल्या हिवाळ्यात सुनीतानं मला बोलावलं. नवा लॅपटॉप आला होता, जुन्यातलं सगळं त्यात हलवायचं होतं. ओटीवर तोच स्टूल, तीच गाळलेली दुपार. आज सांगायचंच, असं ठरवून मी निघालो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. जुई पाटाच्या कडेनं धावत होती आणि सुनीता तिला हाक मारत होती, "जुई, पाण्याजवळ नको." शब्द दादाचेच होते.

मी डिस्क जोडली. सुनीता माझ्यासमोर चहा ठेवत शांतपणे म्हणाली, "काका, डेस्कटॉपवरचंही आठवणीनं घ्या हं. तो सी-मध्येच असतो."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. माझं खोटं तिला केव्हा कळलं, दादा असताना की नंतर, ते मला आजही ठाऊक नाही. जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवून मी डेस्कटॉप उघडला.

"घेतो," मी म्हणालो.