जयरामने क्लॅम्प कुठे लावला

गोखिवऱ्याच्या त्या औद्योगिक वसाहतीत दीडशे गाळे आहेत. त्यातल्या एकशे एकोणपन्नास गाळ्यांत उमेळ्याच्या जयरामचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. दीडशेवा गाळा त्याचा स्वतःचा.

माणूस वाईट नाही. व्यसन नाही, भानगड नाही. दोष एकच, बोलतो. शेजारी कुणी रॉड धरायच्या तुटक्या होल्डरने वेल्डिंग करताना दिसला की हा हातातलं काम टाकून तिकडे जातो आणि त्याचा मेन स्विच खाली पाडतो. आधी स्विच, मग शिव्या. शिव्या संपल्या की "तुज्या बायकोला काय सांगू मी?" हे ठरलेलं वाक्य. एकाने एकदा उत्तर दिलं, "सांग, बरं झालं म्हणून." त्यालाही जयरामने नवीन होल्डर बसवूनच सोडला.

जयराम आता अठ्ठावन्नचा आहे. बापाची खाडीकाठी भातशेती होती, थोडी केळी होती. एकोणिसाव्या वर्षी तो वसईत एका उस्तादाकडे वेल्डिंग शिकायला गेला. उस्तादाने पहिल्याच दिवशी डोळ्यांपुढे धरायची काळी काच न देता ग्रिल धरायला उभा केला. नजर बाजूला कर म्हणाला, झालं शिक्षण. जयराम तीन दिवस डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून घरात पडून होता. चौथ्या दिवशी उठला तेव्हा दोन गोष्टी ठरल्या होत्या. काम हेच करायचं, आणि या कामातलं कुणाचंच ऐकायचं नाही.

स्वतःची मशीन घेतली तेव्हा तिच्याबरोबर इंग्रजीत एक पुस्तिका आली. असली पुस्तिका लोक मशीनखाली पाचर म्हणून घालतात. जयराम ती घेऊन शेजारच्या वाडीतल्या सिप्रियनकडे गेला. सिप्रियन पाद्रींच्या शाळेत शिकलेला. तो वाक्य वाचायचा, मराठीत सांगायचा, आणि त्याचा अर्थ तसा नाही म्हणून जयराम त्याच्याशी भांडायचा. दीड महिन्यात पुस्तिका संपली.

पुढे त्याच सिप्रियनने एक रिकामा ड्रम आणला. कापून झाकण बसवून दे म्हणाला. ड्रमात पूर्वी थिनर होतं. जयरामने वास घेतला आणि ड्रम लाथेने बाहेर घालवला. "हा बाँब हाय. रिकामा नाय, ह्याच्यात वाफ हाय. तूच वाचून दाखवलंस ना मला, पान सोळा?" सिप्रियन दोन महिने बोलला नाही. मग एक दिवस सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी पाठवली. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

पुस्तिकेतलं सगळं जयरामने गाळ्यात करून ठेवलं आहे. मशीन जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर. भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे तिला वारा लागतो. तिचा मेन स्विच वेगळा, आणि तो हाताच्या अंतरावर, कपाटामागे नाही. मशीनच्या अंगाला जोडलेली अर्थिंगची पट्टी बाहेरच्या खड्ड्यात गेलेली. त्या खड्ड्यात मीठ, कोळसा, आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बादलीभर पाणी. टँकरच्या दिवसांतही. सत्यवती, म्हणजे त्याची बायको, म्हणते, "त्या खड्ड्याइतकं पानी माझ्या तुळशीला मिळालं असतं तर तिला आंबे लागले असते."

महिन्याचा पहिला रविवार मशीनचा. वीज तोडायची, पत्रा उघडायचा, आतली धूळ हवेने उडवायची, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले बोल्ट पॉलिश पेपरने घासून आवळायचे. मग केबल. आजारी बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा हात तो केबलवरून फिरवतो. कुठे चिरलेली लागली की तेवढा तुकडा कापून टाकतो. टेप लावत नाही.

एवढा जपणारा माणूस. आता काय झालं ते ऐका.

गेल्या वर्षी एप्रिलात उमेळ्याच्या एका सोसायटीने बाल्कन्यांच्या ग्रिल बदलायला काढल्या. तीन इमारती, बेचाळीस बाल्कन्या. सेक्रेटरी रमेश, मुंबईला बँकेत नोकरी, प्रत्येक गोष्ट कागदावर पाहिजे असा गृहस्थ. तो म्हणाला, आधी एक बाल्कनी करून दाखवा. नीट झाली तर उरलेल्या एक्केचाळीस तुमच्या. जयरामसाठी हे वर्षभराचं काम होतं. शिवाय आजूबाजूच्या सात-आठ सोसायट्या याच सोसायटीकडे बघून माणूस ठरवतात. इथे नाव झालं तर झालं, गेलं तर सगळीकडचं गेलं.

पहिली बाल्कनी तिसऱ्या मजल्यावरच्या विनयाताईंची. जयराम गुरुवारी सकाळी आला. मशीन खाली मीटररूमजवळ ठेवली, केबल वर ओढली.

मशीनमधून दोन केबल निघतात. एकीच्या टोकाला होल्डर, त्यात रॉड. दुसरीच्या टोकाला क्लॅम्प. रॉडमधून गेलेला करंट क्लॅम्पमधून परत मशीनकडे यायचा असतो, म्हणून क्लॅम्प लावायचा तो कामालाच, जिथे रॉड टेकणार त्याच्या शेजारी. हे वसाहतीतल्या एकशे एकोणपन्नास गाळ्यांना जयरामने ओरडून शिकवलेलं आहे.

होल्डरची केबल तिसऱ्या मजल्यावर पोचली. क्लॅम्पची पोचेना. नेमकी तीच केबल त्याने आदल्या रविवारी चिरली म्हणून चार हात कापून टाकली होती. गाळ्यावर जाऊन दुसरी आणायची तर जाऊन-येऊन दोन तास, आणि गुडघा सकाळपासून ठणकत होता. जयरामने खाली जिन्याच्या रेलिंगकडे बघितलं. लोखंड ते लोखंड. इमारतीचं सगळं लोखंड आतून एकच. क्लॅम्प रेलिंगला लावला.

वर रॉड नीट पेटेना. चिकटायचा, तडतडायचा. जयरामने खाली येऊन करंट वाढवला. मग पेटला. पाऊण तास काम झालं, आणि विनयाताई आतून ओरडत आल्या, "काका, धूर! वॉशिंग मशीनच्या मागून धूर येतोय!"

वॉशिंग मशीन बाल्कनीतच होती, पण काळ्या काचेतून जयरामला धूर दिसला नव्हता. मागची वायर वितळलेली, सॉकेट काळं. जयराम धावला, फ्लॅटचा मेन स्विच पाडला, आणि पुढच्याच श्वासाला ओरडला, "हरेशची वायर! मी सांगत होतो!"

हा हरेश म्हणजे सोसायटीचा इलेक्ट्रिशियन. चाळिशीचा, शेजारच्याच गावचा. सहा महिन्यांपूर्वी त्यानेच या इमारतीची वायरिंग बदलली होती, विनयाताईंच्या मशीनची वायर आणि सॉकेटसुद्धा. त्याच्यात आणि जयराममध्ये जुनं होतं. एका मंडपात जयरामने त्याचा बोर्ड चारचौघांसमोर उघडून "ही वायरिंग हाय का शेवया?" असं विचारलं होतं. हरेश एवढंच म्हणाला होता, "दादा, तुमी लोखंड बघा."

जयरामची आरोळी तिन्ही इमारतींत पसरली. शुक्रवारी रमेशने नोटीस लावली. रविवारी सभा. विषय क्रमांक तीन, इलेक्ट्रिशियन हरेश यांचे काम बंद करणे. या सोसायटीतून काढलेल्या माणसाला शेजारची कुठली सोसायटी ठेवणार?

शनिवारी जयराम विनयाताईंकडे गेला. सभेत दाखवायला पुरावा पाहिजे होता. जळलेली वायर हातात घेतली, चाकूने वरचं कवच सोललं. आत तीन वायरी असतात. लाल आणि काळी, या वीज आणतात आणि नेतात. त्या आतून धड होत्या, फक्त वरून शेकलेल्या. हिरवी, अर्थिंगची, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळसा झाली होती.

जयरामने ती बोटांत चुरून बघितली.

"काका, मला एक कळत नाही," विनयाताई म्हणाल्या. "मशीन तर चालू नव्हतीच. बटणसुद्धा बंद होतं. बंद मशीनची वायर कशी जळेल?"

"मशीन अशीच होती? ग्रिलला टेकून?"

"अशीच असते. जागा कुठे आहे?"

जयराम जिना उतरून खाली आला. रेलिंगवर जिथे क्लॅम्प लावला होता तिथे रंग जळून नखाएवढी खूण पडली होती. रेलिंगच्या त्याच खांबाच्या पायाशी बिल्डरने इमारतीची अर्थिंगची पट्टी बोल्टने आवळलेली होती. जयराम तिथेच पायरीवर बसला. वॉचमनने विचारलं, गुडघा का? जयराम म्हणाला, हो.

घरी तो मुकाट्याने जेवला. सत्यवती बघत होती.

"तुमी जेवताना बोलत नाय म्हंजे एकतर ताप हाय नायतर चुकलंय कायतरी."

"ताप नाय."

"मग?"

त्याने सांगितलं. सत्यवतीने ताक वाढलं.

"हरेशची बायको भेटली सकाळी बाजारात," ती म्हणाली. "मला वाटलं आता शिव्या देनार. तर म्हनते, ताई, वांगी तिकडे चांगली हायत."

"बाल्कन्या जातील सगळ्या."

"जातील."

"एवढंच?"

"मग काय, ओवाळू? ताक प्या."

रविवारी सभा पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. हरेश शेवटच्या खुर्चीवर, हात मांडीवर. रमेशने विषय क्रमांक तीन वाचायला घेतला. ठराव आधीच टाईप करून आणलेला होता, फक्त सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या. लोकशाहीत एवढी सोय ठेवावीच लागते.

मागून जयराम उभा राहिला. "वायर हरेशची चांगली होती. जाळली मी."

"जयरामभाऊ," रमेश म्हणाला, "हा मुद्दा विषयपत्रिकेत नाही."

"वायर पन विषयपत्रिकेत नव्हती. तरी जळली."

"पण काका, त्या दिवशी तुम्हीच तर ओरडलात," विनयाताई म्हणाल्या.

"ओरडलो. माझं तोंड मोठं हाय म्हनून ते खरं होत नाय." जयरामचा आवाज चढला. स्वतःवरच चिडला होता, पण ऐकणाऱ्यांना ते त्यांच्यावर वाटलं. "रॉडमधून गेलेला करंट मशीनकडे परत येनारच. मी त्याला जवळची वाट दिली नाय. क्लॅम्प वर लावायचा तो खाली रेलिंगला लावला, केबल तोकडी पडली म्हनून. मग तो ताईंच्या मशीनच्या पत्र्यातून घुसला, अर्थिंगच्या वायरीतून भिंतीत गेला, आनि फिरून रेलिंगवर आला. बोटाएवढ्या केबलचा करंट सुतळीएवढ्या वायरीतून. ती जळनारच. हरेशच्या जागी कोनाची पन जळली असती."

कुणीतरी म्हणालं, "ठीक आहे, वायरच तर जळली."

"वायरच?" आता जयराम खराच भडकला. "धूर दिसला म्हनून कळलं. नुसती आतून तुटली असती तर? ताई रोज कपडे धूत राहिल्या असत्या. अर्थिंग नाय, कोनाला पत्ता नाय. एक दिवस आत बिघाड झाला, सगळी वीज पत्र्यावर आली, आनि ताईंचा ओला हात त्याच्यावर. मग काढला असता ठराव? शोक-ठराव?"

विनयाताईंनी हातातला चहा खाली ठेवला.

रमेशने कागद उलटा केला. "म्हणजे मग... ग्रिलच्या कामाचा आपल्याला फेरविचार करावा लागेल. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दुसऱ्या कुणाकडून कोटेशन मागवू."

जयरामने मान हलवली. हे धरूनच तो आला होता. पिशवी उचलली.

"मी बोलू का?" शेवटच्या खुर्चीवरून हरेश म्हणाला. सभेत तो पहिल्यांदाच बोलत होता. "दुसरा आना. तो पन कधीतरी चुकेल. फरक एवढाच, तो सांगनार नाय."

"मग तुझं म्हणणं काय?"

"काम ह्यांनाच द्या. पन रोज मशीन चालू करायच्या आधी मी बघनार. क्लॅम्प कुठं हाय, आत काय टेकलंय, सगळं. मी हो म्हनल्याशिवाय स्विच वर जानार नाय." मग पहिल्यांदाच त्याने जयरामकडे बघितलं. "चालेल का दादा?"

जयरामच्या कपाळाची शीर उडत होती. इतक्या वर्षांत त्याच्या मशीनला दुसऱ्याने हात लावला नव्हता, स्विचला तर नाहीच.

"चालेल," तो म्हणाला.

रमेशने ते लिहून घेतलं. सूचक म्हणून तो हरेशचं नाव लिहिणार होता, पण हरेश सभासद नसल्याने विनयाताईंचं नाव घातलं.

विनयाताईंची वायर आणि सॉकेट हरेशने सोमवारी बदललं. सामान जयरामने आणून दिलं. मंगळवारी 'बी' इमारतीतली पहिली बाल्कनी. क्लॅम्पला नवी लांब केबल, क्लॅम्प ग्रिलच्याच पट्टीला.

हरेश दहा मिनिटं उशिरा आला. घाई अजिबात नव्हती.

"क्लॅम्पखालचा रंग खरवडा."

जयरामने खरवडला.

"फ्रिज?"

"मागे घेतलाय."

"प्लग?"

"काढलाय."

हरेशने हात पाठीमागे बांधून बाल्कनीत एक फेरी मारली आणि थांबला. "फरशी ओली हाय."

घरातल्या बाईंनी पाहुणे येणार असल्यासारखी सकाळीच पुसून काढली होती. कोपऱ्यात तळव्याएवढा ओलावा होता, बाकी कोरडं. जयरामने त्या ओलाव्याकडे बघितलं. मग हरेशकडे बघितलं. तोंड उघडलं. आत तयार असलेलं सगळं दिसत होतं.

"वाळू दे," तो म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला.

हरेशही बसला, एक पायरी सोडून. बाईंनी विचारलं, पंखा लावू का? हरेश म्हणाला, नको, आपोआप वाळेल. पस्तीस मिनिटं लागली. एकदा जयराम उठून बघायला निघाला, तर हरेश म्हणाला, "बसा दादा, मी बघतो," आणि बघायला मात्र उठला नाही.