कुंकू पुसून आलेले आमदार

तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीत आमदार मतं मागायला आले, तेव्हा माझ्या पत्नीला जाऊन सहाच दिवस झाले होते. विरोधकांशीही गोडीने बोलणारा हा माणूस मागच्या खेपेला जेमतेम निवडून आला होता, आणि या वेळीही एकेका मताची ओढाताण होती.

घरोघरी बायका त्यांना ओवाळत होत्या. आमच्या दाराशी मात्र कार्यकर्त्याने त्यांचा हात धरला. "अय्या, सुतकाचं घर आहे. ऐन निवडणुकीत अपशकुन नको."

त्यांनी उपरण्याच्या टोकाने कपाळावरचं कुंकू पुसलं, चपला काढल्या आणि आत येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसले. मताचं नावही काढलं नाही.

"या घरच्या अम्मांनी मला कधी मत दिलं नाही," ते म्हणाले. "तोंडावर सांगायच्या तसं. पण नळाला पाणी आलं नाही की भांडायला माझ्याच दारात. आता मी कुणाला भिऊ, सार?"

त्या सहा दिवसांत मी पहिल्यांदा हसलो.

मत मी त्यांनाच दिलं. ते थोडक्यात पडले. सुतकाच्या घरात शिरले म्हणून पडले, असं गल्लीत सगळे म्हणाले. मी रेडिओवर निकाल ऐकला आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणालो, "अगं, तुझे आमदार पडले."