काकतीत वर केलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — ती काकतीची, गोष्ट तिच्या दारासमोरच घडलेली, तरीही नाही.

इंग्रजांच्या अमलातली गोष्ट. मी निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक चालवणाऱ्याला किती माज असावा? मला त्याहून जास्त होता. त्यात काकतीची सोयरीक नुकतीच जमलेली — टोपीसुद्धा नवी!

एका सकाळी अण्णांना घेऊन बेळगावला निघालो. वंटमुरीचा घाट चढलो आणि मोटार बंद पडली. हँडल मारून खांदे दुखले. तेवढ्यात मागून शिद्दाप्पाची लॉरी आली, अण्णांचाच तंबाखू भरलेली. शिद्दाप्पा म्हणजे ज्यानं मला स्टिअरिंग धरायला शिकवलं तो.

त्यानं जाड दोर काढला, मोटारीखाली शिरून स्वतः गाठी मारल्या आणि मला बजावलं, "दोर ताणलेला ऱ्हाऊ दे. ढिला पडला की ब्रेक दाब. मी थांबावं वाटलं, तर हात वर कर. उगंच हात भाईर काढू नगंस, आरशात बघत असतोय मी."

निघालो. बैलगाडीच्या चालीनं, अगदी झोकात! अण्णांना मागं डुलकी लागली.

काकती आली. आणि पारावर कोण? माझे होणारे सासरे, चारचौघांत बसलेले. जावयाची मोटार म्हशीसारखी दोराला बांधून ओढत नेताहेत — आता मी काय करावं? मान खाली घालायची? मी उलटंच केलं. बाहेर झुकलो, हात उंच केला आणि ठणठणीत रामराम ठोकला.

शिद्दाप्पानं आरशात हात पाहिला. लगेच थांबला बिचारा.

माझा पाय? तो ब्रेकवर नव्हताच. धाड! डावा दिवा फुटला, रेडिएटर चेपला, आणि अण्णांचा रुमाल डोक्यावरनं उडून माझ्या मांडीत. पारावरचे लोक असे हसले, की एकजण पारावरनं खालीच घसरला. रुमाल आठवला की मलाही अजून हसू येतं.

पण मग अण्णांनी विचारलं, "काय झालं रं?"

आणि मी — किती सहज! — म्हणालो, "न सांगता ब्रेक मारला ह्यानं."

शिद्दाप्पा चक्रावला. "हात वर केलतास की रं."

"मी? न्हाय बा."

सासरे हसत हसत रस्ता ओलांडून आमच्याकडेच येत होते. शिद्दाप्पानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझं लग्न कुठं ठरलंय ते त्याला माहीत होतं. "व्हय अण्णा," तो म्हणाला, "चुकलं माझं."

पुढच्या आठवड्यापासून अण्णांचा तंबाखू दुसऱ्या लॉरीत जाऊ लागला. शिद्दाप्पा खानापूरला लाकडं वाहायला गेला. दुसऱ्या दिवशी मला सांगता आलं नसतं? तेव्हा तर सासरे नव्हते. रोज अण्णांचा कान माझ्या पाठीमागं हातभर अंतरावर होता. वर्षभर मी त्यांना गावोगाव फिरवलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

माझं लग्न थाटात झालं. शिद्दाप्पा खानापूरहून आला, वरातीत नाचला.

पुढं एकदा मी खानापूरला गेलो, तर त्यानं हात धरून घरी नेलं. लई खूश. बायकोला म्हणाला, "हा निपाणीचा माझा चेला. माझ्यापरास चांगली गाडी चालवतोय." तिनं गरम भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा.

मी पोटभर जेवलो. तिसरी भाकरीही मागून घेतली. तो हसत समोर बसला होता, आणि मी भाकरीचं कौतुक करत राहिलो.