वॉल्टरसाहेबाचा बॉल

काल इथे आखातात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये नात माझ्या खांद्याला मलम चोळत होती. "डज इट हर्ट?" तिनं विचारलं. "नाही गं," मी म्हणालो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात हलका केला.

मलमाच्या त्या कापरासारख्या वासानं मला साठच्या दशकातला अबू धाबीचा तेलाचा कॅम्प आठवला. मी रत्नागिरीहून आलेला स्टोअर क्लार्क. ड्रिलर वॉल्टरसाहेबाच्या अंगाला कायम हाच वास यायचा. अमेरिकेत तो पगारी बेसबॉल खेळायचा. पहिला बॉलर मार खाऊ लागला की मधेच ज्याला आणतात, तो बॉलर. दर वर्षा-दोन वर्षांनी नवी टीम, नवं गाव.

एक दिवस त्याला जुन्या टीमची तार आली. दुखावलेला खांदा बरा झाला असेल तर ये. तो मला पाइपांच्या ढिगामागे घेऊन गेला. "उघड्या हातानं झेल. लागतो का ते खरं सांग."

तो जीव खाऊन फेकत होता, कण्हत होता. माझ्या हातात बॉल मात्र अलगद यायचा. आमच्या गावची पोरं याहून जोरात टाकायची. पण साहेबाला नको ते सांगायची आम्हाला सवय नव्हती. मी हात झटकला, मूठ आवळली. "खूप लागतो, साहेब."

त्यानं माझी मूठ सोडवून तळहात पाहिला. "खलास," म्हणाला. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून त्या टीमकडे अमेरिकेला गेला.

मी त्याला फसवलं, हे इतकी वर्षं खुपत होतं. पण काल नातीनं तोंडाकडे पाहिलं तेव्हा लक्षात आलं: माझा तळहात जरासुद्धा लाल नव्हता, आणि तो त्यानं पाहिला होता. तरी गेला.